रेडिओहेड २००० साली संपलं म्हणणाऱ्यांसाठी

खर्जातला

रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडबद्दल काल इथे 'गिटारवाला' यांनी लिहिलं होतं की १९९७च्या 'ओके कम्प्युटर' अल्बमपर्यंत तो बँड होता, त्यानंतर उरली पाच माणसं आणि एक यंत्र. पुढे "त्यानंतरचं गुणगुणता येईल असं एक गाणं दाखवा" असं आव्हानही दिलं. खाली भराभर 'सहमत' पडले. मी दोनदा उत्तर लिहून खोडलं. प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा काढतोय.

या पाच जणांना थांबता येतं. माझ्या लेखी त्यांचं सगळं मोठेपण त्यात आहे.

'ट्रू लव्ह वेट्स' घ्या. १९९५ मध्ये त्यांचा गायक थॉम यॉर्क ते एकट्याने अकूस्टिक गिटारवर जोरजोरात तारा छेडत गायचा. चाहत्यांना ते पाठ झालं, पण अल्बमवर काही येईना. २००१ मध्ये लाइव्ह रेकॉर्डिंग तेवढं आलं. स्टुडिओतलं गाणं बाहेर पडलं २०१६ मध्ये, 'अ मून शेप्ड पूल'चं शेवटचं गाणं म्हणून. आणि आलं तेव्हा त्यात ती गिटार नव्हतीच. एकावर एक चढवलेले पियानो, एकमेकांच्या पावलात पाऊल न टाकणारे. शब्द तेच, पण सत्तावीस वर्षांचा मुलगा जे हट्टाने मागत होता तेच सत्तेचाळीस वर्षांचा माणूस मागतो, तेव्हा उत्तर त्याला आधीच ठाऊक असल्यासारखं वाटतं. दुसरा कुठलाही बँड ते गाणं १९९७ मध्येच विकून मोकळा झाला असता. 'न्यूड'चंही तेच. १९९८ मध्ये मैफलीत वाजत होतं, अल्बमवर यायला २००७ उजाडलं.

आता 'किड ए', 'ओके कम्प्युटर'नंतरचा २०००चा अल्बम. पहिलं गाणं सुरू झालं तेव्हा मला वाटलं सीडीच खराब आहे. आवाजाचे तुकडे उलटसुलट येत होते. सीडी काढली, शर्टाने पुसली, पुन्हा लावली. पुन्हा तेच. चिडून दोन महिने हात लावला नाही. मग एका रात्री झोप येत नव्हती म्हणून लावली आणि चौथ्या गाण्याशी अडकलो. 'हाऊ टू डिसअपिअर कम्प्लीटली'. मागे जो रडवेला सूर वर चढत जातो ना, तो संगणकाचा नाही. ते ओंड मार्तनो नावाचं वाद्य आहे, १९२८ सालचं, फ्रेंच. बँडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुड ते वाजवतो. उजव्या हाताच्या बोटात अंगठी, ती पट्ट्यांसमोर ताणलेल्या दोरीला बांधलेली. हात सरकवला की सूर सरकतो. डावा हात एका बटणावर, जेवढं दाबाल तेवढा आवाज. म्हणजे चक्क मींड काढता येते. ज्याला तुम्ही यंत्र म्हणताय त्याच्यात गिटारपेक्षा जास्त गळा आहे.

गुणगुणण्याचं म्हणाल तर मी गेली वीस वर्षं भांडी घासताना 'एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस' गुणगुणतोय. हे घ्या एक गाणं.

गिटारवाला

माझं नाव घेऊन धागा काढलात, तर उत्तर देतो. मी 'क्रीप' १९९३ पासून ऐकतोय. आदल्या वर्षी ते गाणं आलं तेव्हा कोणी विचारलं नव्हतं, पुन्हा काढलं तेव्हा चाललं. कडव्यातून धृपदात जाताना जॉनीची गिटार दोनदा खाकरते, ख्रक्, ख्रक्, आणि मग सगळं कोसळतं. गाणं फार मऊ वाटलं म्हणून त्याने मुद्दाम तसं वाजवलं म्हणतात. त्या एका आवाजात माझं सगळं कॉलेज आहे. मला नाकारलेली प्रत्येक गोष्ट त्यात आहे. मग 'द बेंड्स' आला, १९९५. तीन गिटार असलेला बँड आणि तिन्ही वेगळं बोलतात. हे ज्यांना येत होतं त्यांनी ते बाजूला ठेवून ब्लिप-ब्लॉप का करावं? एड ओ'ब्रायनसारख्या गिटारवादकाला महिनोन्‌महिने स्टुडिओत करायला काम नव्हतं. याला तुम्ही थांबणं म्हणता, मी वाया घालवणं म्हणतो.

एकवीस वर्षं थांबलेल्या गाण्याबद्दल: मला १९९५चंच जास्त आवडतं. पियानोवालं एकदा ऐकलं, पुरे.

निशाचर

खर्जातला यांना शंभर टक्के पाठिंबा. मात्र थांबण्याचं कौतुक करताना एक गोष्ट राहतेय. थांबायला पैसे लागतात. १० ऑक्टोबर २००७ला 'इन रेनबोज' हा अल्बम त्यांनी इंटरनेटवर टाकला आणि किंमत तुम्ही ठरवा म्हणाले. जगभर वाहवा झाली. मीही शून्य रुपये भरून उतरवून घेतला आणि क्रांती झाली असं मित्रांना सांगत फिरलो. त्या काळात मी एका छोट्या बँडमध्ये बेस वाजवायचो. पुढच्याच कार्यक्रमात आयोजक म्हणाला, "रेडिओहेड फुकट देतात, तुम्हाला मानधन कशाला?" हे मी अजून विसरलो नाही. ईएमआय या रेकॉर्ड कंपनीबरोबर सहा अल्बम करून नाव कमावलेल्यांना जे परवडतं ते बाकीच्यांवर नियम म्हणून येऊन आदळतं.

अल्बम अप्रतिम आहे. सीडी आल्यावर विकत घेतली. पण राग आहे तो आहे.

तिहाई

भांडी घासताना झपताल गुणगुणणारे लोक पाहून आनंद झाला. 'एव्हरीथिंग इन इट्स राइट प्लेस' दहा मात्रांचं आहे. आपल्या कानाला ते लगेच बसतं ते त्यामुळेच.

मीमांसक

दहा मात्रा म्हणजे झपताल नव्हे. हे एकदा कोणीतरी स्पष्ट सांगायला हवं. झपतालाला विभाग आहेत, दोन-तीन-दोन-तीन. टाळी आहे, सहाव्या मात्रेवर खाली, म्हणजे बिनटाळीची जागा, आहे. धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. त्या गाण्यात यातलं काय आहे? कीबोर्डचे स्वरसमूह चार आणि सहा असे पडतात. खाली तर नाहीच. सात मात्रा दिसल्या की रूपक, दहा दिसल्या की झपताल, असं म्हणणाऱ्यांनी दोन्हीकडच्या संगीताचं नुकसान केलंय. मी नऊ वर्षं तबला शिकलोय, म्हणून चीड येते.

तिहाई

मी अकरा वर्षं शिकलेय. झपतालाच्या व्याख्येची शिकवणी नको. दहाचं आवर्तन अंगात मुरलेलं असेल तर दहाचं गाणं परकं वाटत नाही, एवढंच म्हटलं. उलट 'इन रेनबोज'वरच्या 'व्हिडिओटेप'मध्ये सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे आहे ते सांगा, मग बोलू.

मीमांसक

पियानोचा पहिला ठोका. सरळ चारचं गाणं आहे.

तिहाई

नाही. तिथेच सगळे फसतात. पियानोचे ठोके सरळ पडल्यासारखे वाटतात, पण ते अर्धी मात्रा सरकलेले आहेत. ड्रम आल्यावर नीट ऐका. आपण ज्याला सम समजून मान हलवत असतो ती सम नाहीच. मैफलीत वाजवताना खुद्द यॉर्कला ते धरून ठेवणं जड जातं. मी आठवडाभर हातावर टाळी देत बसले होते. तुम्ही किती वेळा ऐकलंत?

मीमांसक

दोनदा. आणि जे ऐकणाऱ्याला ऐकूच येत नाही ते आहे कशावरून? कागदावर कुठेही रेघ मारता येते. सम ही ऐकणाऱ्या सगळ्यांना एकाच वेळी कळते, म्हणून ती सम. आठवडाभर शोधावी लागते ती सम नव्हे, कोडं आहे. गाण्यातून कोडी घालणाऱ्यांना थोर म्हणायची फॅशन आहे, त्यात मला पडायचं नाही.

गिटारवाला

मीमांसक यांच्याशी पूर्ण सहमत. मी काल हेच म्हणत होतो.

तिहाई

दोनदा ऐकून निकाल देणाऱ्यांशी मला वाद घालायचा नाही. नऊ वर्षांत लपवलेली सम कधी ऐकलीच नाहीत? लयकारी म्हणजे दुसरं काय असतं?

खर्जातला

अहो, जरा सबुरीने. धागा तालावर नव्हता. 'लेट डाऊन'मध्येही जॉनीची गिटार बाकीच्या वाद्यांपेक्षा वेगळ्या मापात चालते आणि ते गाणं 'ओके कम्प्युटर'वरचं आहे, म्हणजे गिटारवाला यांच्या सुवर्णकाळातलं. बाथजवळच्या एका जुन्या वाड्याच्या नृत्यदालनात पहाटे तीनला रेकॉर्ड केलेलं. तेव्हा मोजमाप चालायचं, आता चालत नाही, असं कसं?

उंबरठा

मी इथे सहसा वाचते फक्त. तालावरून एवढं पेटलंय म्हणून लिहिते.

माझे बाबा तबला वाजवायचे. अर्धांगाचा झटका आल्यापासून डावा हात गेला आणि त्यांनी तबल्याचं नाव काढायचं सोडलं. कोणी विषय काढला तर टीव्हीचा आवाज वाढवायचे. मी रात्री त्यांच्या खोलीत झोपते. एकदा स्पीकरवर हळू आवाजात 'पिरॅमिड साँग' लावलं होतं. ते झोपलेत असं समजून. पहिली दोन मिनिटं नुसता पियानो आणि आवाज आहे, ठोके असे पडतात की पाय कुठे टाकावा कळत नाही. पाहिलं तर बाबांचा उजवा हात पांघरुणावर हलत होता. अंगठ्याने पेरं मोजत होते. चुकले, थांबले, पुन्हा पहिल्या पेरावर. मग ड्रम आले आणि हात थांबला. मला म्हणाले, "परत लाव."

तीनदा लावलं. तिसऱ्यांदा ड्रम यायच्या आधीच त्यांनी मांडीवर थाप दिली आणि ती बरोबर पडली. म्हणाले, "सोळाच आहेत गं. तीन, तीन, चार, तीन, तीन. आपलेच सोळा. फक्त उभं कुठे राहायचं ते बदललंय." मी नंतर बोटांवर मोजलं, बरोबर सोळा होतात.

कोण बरोबर आणि कोण चूक ते मला कळत नाही. पण त्या रात्री घरात चार वर्षांनी कोणीतरी मात्रा मोजल्या. यंत्राचं संगीत म्हणता तेव्हा मला हे आठवतं.

तिहाई

उंबरठा, बाबांना नमस्कार सांगा. 'उभं कुठे राहायचं ते बदललंय' याच्या पुढे मी काही बोलणार नाही.

मीमांसक

त्यांनी सोळाला तीनताल म्हटलं नाही, याची नोंद घ्यावी. 'आपलेच सोळा' म्हणाले. ते मला मान्य आहे. माझा मुद्दा शब्दांच्या ढिलेपणाबद्दल होता आणि तो कायम आहे. पण लपलेली सम शोधण्याला कोडं म्हणालो, ते मागे घेतो. आमचे गुरुजीही ठेका झाकून आम्हाला सम शोधायला लावायचे, हे लिहिताना विसरलो होतो. तिहाई यांना दोनदा ऐकण्याबद्दल जे बोलायचं होतं ते त्या बोलल्याच, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

निशाचर

मानधनाचा विषय कोणी घेतलाच नाही. असो. सात वर्षांनी २०२५च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रेडिओहेड पुन्हा मंचावर आले. माद्रिद, बोलोन्या, लंडन, कोपनहेगन, बर्लिन. तिकिटांच्या किमती पाहिल्यावर '२००७ मध्ये किंमत तुम्ही ठरवा म्हणालात, आता का नाही' असं विचारावंसं वाटलं. यावर वेगळा धागा काढतो.

खर्जातला

काढा, मी येतो. मीही शून्यच भरले होते आणि ते मला अजून टोचतं.

उंबरठा, तुमचं वाचून मी बराच वेळ काही लिहिलं नाही. माझ्या मूळ लेखातलं एक वाक्य चुकलंय. मी त्यांना थांबता येतं म्हणालो. ऐकणाऱ्यालाही थांबावं लागतं, 'परत लाव' म्हणावं लागतं. मी दोन महिने घेतले, बाबांनी तीन आवर्तनांत केलं. आणि गिटारवाला, एडबद्दल तुमचं खरं आहे. काही गाण्यांत तो मला ऐकूच येत नाही आणि ते मलाही बरं वाटत नाही.

गिटारवाला

एडबद्दल मान्य केलंत, एवढ्यासाठी परत आलो.

काल रात्री 'व्हिडिओटेप' चार वेळा लावलं. तिहाई म्हणतात ती सम पहिल्या तिन्ही वेळा सापडली नाही. चौथ्यांदा पियानोकडे लक्षच दिलं नाही, नुसता ड्रमवरचा फिल सेल्वे काय करतोय ते ऐकलं आणि पियानो एकदम बाजूला सरकला. अक्षरशः खुर्ची सरकावी तसा. पुन्हा धरायला गेलो तर निसटला. गाणं आवडलं असं मी लिहिणार नाही. 'द बेंड्स' वरच आहे आणि त्या दोन खाकऱ्यांच्या तोडीचं त्यांनी पुढे काही केलं नाही, हे माझं मत आहे.

उंबरठा, 'फिफ्टीन स्टेप' पाच मात्रांचं आहे, सुरुवातीलाच टाळ्या आहेत. बाबांना ऐकवून बघा आणि ते काय म्हणाले ते इथे कळवा.