बर्च निवडताना सालीच्या रंगाआधी कीड पाहावी

‘ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या, तो भूर्ज, म्हणजे हिमालयीन बर्चच, न्यू जर्सीच्या अंगणात लावावा’, ही बागेच्या चर्चेत आलेली सूचना भावनेच्या दृष्टीने मला पूर्ण पटते. त्या शुभ्र खोडाला हिवाळ्यात तोड नाही, हेही खरे. परंतु इथल्या उन्हाळ्यात ते झाड टिकेल का, हा प्रश्न चर्चेत राहूनच गेला आहे. बर्चची मुळे उथळ असतात आणि त्यांना गार, ओलसर माती लागते. उन्हाने माती तापून झाड कमजोर झाले की ‘ब्राँझ बर्च बोरर’ या भुंग्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी बोगदे करतात आणि अन्नरसाचा मार्ग तोडतात.

आमच्या दक्षिणेकडील भिंतीलगतचा हिमालयीन बर्च असाच गेला. आधी शेंड्याची पाने विरळ झाली, तेव्हा आम्ही नुसते पाणी वाढवले. खोडावर इंग्रजी ‘डी’ अक्षराच्या आकाराची, जेमतेम मसुराएवढी छिद्रे दिसली, तोवर फार उशीर झाला होता. आता त्याच अंगणात, भिंतीपासून दूर, रिव्हर बर्च ही बर्चची दुसरी जात आहे. तो पूर्व अमेरिकेचाच असून या किडीला सहसा दाद देत नाही, आणि त्याची दालचिनी रंगाची साल कागदासारखी सुटते, ते पाहताना भूर्जपत्राचीच आठवण होते. माती मात्र आम्लधर्मी हवी, नाहीतर पाने पिवळी पडतात. छाटणी मे ते जुलैमध्ये टाळावी, कारण ताज्या जखमांकडे हे भुंगे आकर्षित होतात.