मदत हवी आहे: सकाळी आठचा हँडओव्हर (ड्यूटी बदलताना पेशंट सोपवणं) तुमच्याकडे कसा होतो?

नमस्कार. नाशिकमधल्या एका खासगी हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला आहे. रात्री डॉक्टर मी एकटी, दोन सिस्टर, एक मामा (वॉर्डबॉय).

मागच्या पावसाळ्यात रात्री दीडला दिंडोरीकडचे एक शेतकरी आले, पायाला घोणस चावलेली. (पोराने मारलेली घोणस पिशवीत घालून आणली होती, ती रात्रभर ट्रॉलीखालीच!) काचेच्या कोऱ्या ट्यूबमध्ये रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवलं. ट्यूब कलती केली तर पाण्यासारखं ओघळलं, म्हणजे विषामुळे रक्त गोठत नव्हतं. दोनला एएसव्हीच्या (सापाच्या विषावरच्या औषधाच्या) १० वायल लावल्या. सहा तासांनी तीच टेस्ट पुन्हा, म्हणजे नेमकी आठला.

पावणेआठला ओझरजवळचा अपघात आला, तिघं जण. हातात टाके, खांद्याने कानाशी धरलेला फोन, पलीकडे पोलीस एमएलसी (मेडिको-लीगल केसचा) नंबर मागतायत. दिवसाचे डॉक्टर द्वारका सर्कलच्या ट्रॅफिकमधून सुटून सव्वाआठला पोचले. उभ्याउभ्या सांगितलं, "तीन नंबर स्नेकबाइट, एएसव्ही गेलंय, स्टेबल आहे." टेस्ट बाकी आहे हे तोंडून निघालंच नाही. अकराला हिरड्यांतून रक्त दिसलं. परत १० वायल. पेशंट वाचले. मला मेमो.

मेमोचं सोडा. त्यानंतर वरून दोन पानी फॉर्म आला, तो सगळे दुपारी चहा पिताना भरतात. काही जण व्हॉट्सअॅपवर केसपेपरचे फोटो टाकतात, नावागावासकट. तेही पटत नाही. तुम्ही नक्की काय लिहिता, कुठे लिहिता? आणि हँडओव्हरच्या त्या दहा मिनिटांत पोलिसांचा फोन कोण घेतं? २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, तेव्हा काय होईल या विचारानेच पोटात गोळा येतो.

प्रतिसाद १
ताई, आधी 'स्टेबल' हा शब्द बंद करा. पुढचं काम काय आणि किती वाजता, एवढंच बोलायचं. तेच चिकटपट्टीवर मार्करने लिहून सलाइन स्टँडला लावायचं. घेणाऱ्याने उलट म्हणून दाखवायचं. फोनला "पाच मिनिटांनी करते" म्हणायला घाबरू नका. उपचार आधी, कागद नंतर, हे सुप्रीम कोर्टाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ लाच सांगून ठेवलंय.

प्रतिसाद २
पट्ट्या आम्हीही लावल्या, महिन्याभरात कुणी बघेना. तुमच्या सिस्टरांची ड्यूटी कधी बदलते?

धागाकर्ती
साडेसातला, सर. त्यांचा हँडओव्हर वेगळा होतो, आम्ही डॉक्टर कधीच नसतो. तुम्ही विचारलंत म्हणून त्या दिवसाचं सिस्टरांचं रजिस्टर आत्ता काढून पाहिलं. बेड तीनपुढे लाल पेनने लिहिलंय, '८ ला रिपीट'. दिवसाच्या सिस्टर डॉक्टरांच्या ऑर्डरची वाट बघत बसल्या होत्या. दोन्ही हँडओव्हर एकाच वेळी करता येतील का, उद्या मेट्रन मॅडमना विचारते.