आर्जिनिनची पावडर घेतली तर इम्युनोथेरपीला मदत होईल का?

वैदेही (प्रश्न)
नमस्कार. माझ्या मामांना फुप्फुसाचा कर्करोग असून गेल्या चार महिन्यांपासून त्यांना दर तीन आठवड्यांनी इम्युनोथेरपीचे सलाइन लावले जाते. आर्जिनिन हे अमिनो आम्ल नॅनोकणांत भरून गाठीपर्यंत पोहोचवले तर या उपचाराचा जोर वाढू शकतो, असे वाचनात आले. आर्जिनिनची पावडर औषधांच्या दुकानात सहज मिळते. मामांनी तीच घेतली तर चालेल का? मामी रोज विचारतात आणि मला ठाम उत्तर देता येत नाही.

निशिकांत (जीवरसायनशास्त्र शिकवतो)
वैदेहीताई, डॉक्टरांना विचारल्याशिवाय पावडर सुरू करू नका. टी पेशींना, म्हणजे कर्करोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींना, आर्जिनिन लागते, हे खरे आहे. स्वित्झर्लंडमधील बेलिंझोना येथील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले की, टी पेशींमधील आर्जिनिन वाढवल्यास त्या अधिक काळ टिकतात आणि उंदरांच्या गाठींशी अधिक चांगल्या लढतात. परंतु गाठीत जमलेल्या काही मायलॉइड पेशी (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) आर्जिनेज नावाचे विकर (एन्झाइम) तयार करतात, जे आर्जिनिन फोडून टाकते; त्यामुळे इम्युनोथेरपीच्या औषधाने टी पेशींवरचा लगाम सैल केला, तरी त्यांना उपाशीपोटीच लढावे लागते. तोंडाने घेतलेल्या पावडरीचा बराचसा भाग आतडे आणि यकृतच वापरून टाकतात, आणि उरलेल्यापैकी जे थोडे गाठीत शिरते, तेही त्याच आर्जिनेजच्या तावडीत सापडते. नॅनोकणांचा खटाटोप यासाठीच आहे: पोषकद्रव्य वेष्टनात जपून न्यायचे आणि गाठीच्या आम्लधर्मी परिसरात ते वेष्टन उलगडेल, अशी त्याची रचना करायची. बेलिंझोनाच्याच संशोधकांनी २०२१ मध्ये वेगळी वाट धरली. अमोनियापासून आर्जिनिन बनवणारे जिवाणू त्यांनी उंदरांच्या गाठीत सोडले, आणि पीडी-एल१ (टी पेशींना लगाम घालणारे प्रथिन) रोखणाऱ्या इम्युनोथेरपीच्या औषधाचा परिणाम वाढला.

सुमेधा
निशिकांत सरांच्या म्हणण्यात दोन गोष्टींची भर घालते. पहिली म्हणजे, नॅनोकणही सहजासहजी गाठीपर्यंत जात नाहीत. टोरंटोतील एका गटाने दहा वर्षांतील अभ्यास एकत्र तपासून २०१६ मध्ये जे मांडले, त्यानुसार शिरेतून दिलेल्या मात्रेपैकी साधारणपणे अवघा ०.७ टक्के भाग गाठीत पोहोचत होता. पुष्कळसे कण यकृत आणि प्लीहा वाटेतच टिपून घेतात.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. काही कर्करोगांच्या पेशींना स्वतः आर्जिनिन तयार करता येत नाही, म्हणून त्या रक्तातील आर्जिनिनवर जगतात. फुप्फुसाच्या आवरणाच्या मेसोथेलिओमा या कर्करोगात रक्तातील आर्जिनिन नष्ट करणारे औषध केमोथेरपीबरोबर दिले गेले, तेव्हा रुग्णांचे मध्यक आयुर्मान ७.७ वरून ९.३ महिन्यांवर गेले, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसले. एकाच द्रव्याने टी पेशीही पोसल्या जातात आणि काही गाठीही. मामांची गाठ कोणत्या प्रकारची आहे, हे आपण घरी बसून ठरवू शकत नाही.

वैदेही
मनःपूर्वक आभार. हे वाचून स्वयंपाकघरात जाऊन पाहिले, तर मामी त्यांना रोज देतात त्या प्रोटीन पावडरच्या डब्यावरही आर्जिनिन लिहिलेले आहे. पुढच्या सलाइनला जाताना तो डबा डॉक्टरांना दाखवू. तोवर डाळी, शेंगदाणेही बंद करावेत का?

निशिकांत
नाही. नेहमीच्या जेवणातले आर्जिनिन आणि चमच्यांनी घेतलेली पावडर यांच्या मात्रेत मोठा फरक आहे. वजन टिकणे मामांसाठी फार गरजेचे आहे. त्यांना पोटभर जेवू द्या.