पोर्टफोलिओ बघून बघून झोप उडालीय, मन घट्ट कसं करायचं?

उद्यमबाग_व्हर्नियर

नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका मशीन शॉपला क्वालिटीत आहे, वय 32, घरात आई, बायको आणि साडेचार वर्षांची पोरगी. 2021 ला सगळेच करालेत म्हणून डिमॅट (शेअरचं खातं) उघडलं, त्या वर्षी कायपण घेतलं की वर जायचं, त्यामुळं आपल्याला यातलं कळतंय असं वाटायला लागलं आणि मग ऑप्शन्स सुरू, म्हणजे शेअर न घेता भाव वर जाणार की खाली यावर पैसे लावायचे. सप्टेंबर 2024 ला निफ्टी (मार्केटचा निर्देशांक) 26,277 ला जाऊन आला तेव्हा मी दोस्तांना गोगटे सर्कलला चहा पाजत टिप्स देत होतो, आता ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतंय. ऑप्शन्समध्ये एकूण 2 लाख 80 हजार गेले, त्यातले दीड लाख पर्सनल लोनचे, 14 टक्क्यानं. शेअर आणि फंड मिळून साडेतीन लाख होते ते पावणेतीनवर आलेत. बायकोला लोनचं माहीत नाही.

परवा 7 एप्रिल 2025 ला, त्या ट्रम्पच्या टॅरिफच्या गोंधळात निफ्टी एका दिवसात 742 पॉइंट पडला ना, त्या सकाळी मी बोअर गेजनं (भोकाचं माप घ्यायचं साधन) नग चेक करालो होतो आणि मोबाईल टेबलावर उघडा. सुई पाच घरं मागं होती, म्हणजे 0.05 मिमी मोठा बोअर, मला दिसली पण होती, तरी हातानं ओकेचा शिक्का मारला कारण डोकं दुसरीकडं. 140 नगांचा लॉट काल कस्टमरकडनं परत आला. साहेब काही बोलले नाहीत, नुसतं बघितलं, ते जास्त लागलं.

यूट्यूबवर बघून सगळं करून झालं, पहाटे 5 ला उठणं, मेडिटेशन, थंड पाण्यानं अंघोळ (सर्दी झाली फक्त). रात्री 3 ला जाग येते आणि अमेरिकेचं मार्केट कुठं बंद झालं ते बघत बसतो. काही लोकांचं मन कसं दगडासारखं असतंय, पडलं तरी हसतात. ते कसं जमवायचं? प्लीज सिरीयस उत्तरं द्या.

बुल_रायडर_7

ब्रो टेन्शन नको, लॉस रिकव्हर होतो. आमच्या टेलिग्राम ग्रुपला जॉइन हो, रोज 2 ते 3 हजार पक्के.

जुना_फाउंड्रीवाला

वरच्या महाशयांनी आधी सेबीचा, म्हणजे मार्केटवर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, रजिस्ट्रेशन नंबर टाकावा. आणि "पक्के" म्हणणारा माणूस मार्केटमधला नसतो, एवढं लिहून ठेव बाळा.

आता तुझ्याकडं येतो. मन दगडासारखं असलेली माणसं मी पण शोधली, मिळाली नाहीत. माझी मच्छेला छोटी फाउंड्री (ओतकामाचा कारखाना) होती, 22 माणसं. जानेवारी 2008 ला सेन्सेक्स 21 हजार, शेअर फुगलेले, आणि मी स्वतःला लई धीराचा समजायचो. त्या वर्षी पावसाळा संपता संपता ऑर्डरी आटल्या. ऑटोवाल्यांनी कास्टिंग उचलणं बंद केलं, भट्टी आठवड्यातनं दोनदाच लागायची, बिलं अडकली. त्याच वेळी शेअर पण खाली. 27 ऑक्टोबरला, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी, सेन्सेक्स 8 हजाराच्या पण खाली जाऊन आला आणि मी त्याच आठवड्यात सगळे विकले. का? घाबरलो म्हणून नाही रे. माणसांना बोनस द्यायचा होता आणि दुसरीकडं कुठं पैसा नव्हता. 2010 च्या दिवाळीला सेन्सेक्स परत 21 हजाराला होता, मी बाहेर.

लोक अजून म्हणतात की तेव्हा तुम्ही पॅनिक झालात. मला ते पटत नाही. माझा धंदा आणि माझे शेअर एकाच वाऱ्यावर होते, मंदी आली की दोन्ही एकदम पडणार हे मला आधी दिसायला पाहिजे होतं. त्या वेळी सहा महिन्यांचा पगार एफडीत असता तर मी पण हसत बसलो असतो आणि लोक म्हणाले असते काय धीराचा माणूस आहे. तू सुद्धा ऑटोच्या कामावर जगतोस, हे विसरू नको.

बाकी ऑप्शन्सबद्दल काय बोलायचं. सेबीनंच आकडे काढलेत, 2021-22 ते 2023-24 ह्या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या साध्या माणसांतले 93 टक्के तोट्यात. तिथं मन घट्ट करून काय करणार तू, घट्ट मनानं जास्त हरशील.

सीमावासी_लाँगटर्म

सीमाभागातल्या माणसाला पेशन्स शिकवू नका हो. 1956 पासून होल्ड करून बसलोय, 2004 पासून सुप्रीम कोर्टात तारीख बघालोय, एवढा लाँग टर्म इन्व्हेस्टर जगात मिळणार नाही.

जोक सोडून. भावा, मोबाईलमधलं ॲप काढ. रोज बघितलं तर साधारण निम्मे दिवस लाल दिसणारच, आणि हजार गेल्याचं दुःख हजार आल्याच्या आनंदापेक्षा जवळपास दुप्पट लागतं, हे कानेमन आणि ट्व्हर्स्की ह्या दोन मानसशास्त्रज्ञांनी मांडून ठेवलंय, 1979 पासूनचं काम आहे त्यांचं. म्हणजे मार्केट जागच्या जागी राहिलं तरी रोज बघणारा माणूस दुःखीच होतो. महिन्यातनं एकदा बघ.

वडगावची_अक्का

भाऊ, मी शेअरमधली काय मोठी नाही, पण लिहिते. आमचे वडगावात 4 पॉवरलूम. 2017 पासून माझी महिना 2 हजारची एसआयपी (फंडातला दर महिन्याचा हप्ता) आहे, मुलीच्या नावानं डोक्यात धरून. 2020 च्या मार्चला लॉकडाऊन लागलं, लूमचा आवाज बंद. बाहेरच्याला सांगून कळणार नाही, आमच्या गल्लीत दिवसभर खटखट असते, ती थांबली तर सासऱ्यांना झोपच लागेना. 23 मार्चला सेन्सेक्स एका दिवसात 13 टक्के पडला. हे म्हणाले सगळं काढून टाक.

मी काढलं नाही, पण भरलं पण नाही. सात-आठ महिने एसआयपी थांबवली. घरात साड्या पडून, व्यापारी उचलत नाही, सुताचे पैसे द्यायचे, अशात कुठली एसआयपी. मला कुणीतरी म्हणालं की पडलेल्या मार्केटमध्येच भरायचं असतं, बरोबर आहे, पण ते ज्याच्या घरी पगार येतोय त्यानं. आम्ही तेव्हा भिशीच्या पैशावर जगलो, 12 बायकांची भिशी, माझा नंबर नव्हता तरी बाकीच्यांनी मला आधी उचलू दिली. दिवाळीला लूम सुरू झाले तशी एसआयपी परत चालू केली. थांबवणं आणि मोडणं यात फरक आहे.

आणि खरं सांगू का, तुमचं मन कमकुवत नाही, तुम्ही बायकोपासून लपवलंय म्हणून झोप येत नाही. आधी तिला सांगा. रागावेल. दोन दिवस बोलणार नाही. पण नंतर हिशोब करायला दोन डोकी होतील. आमच्या ह्यांनी एकदा उसनवारी लपवली होती, मला पैशाचा राग कमीच आला, लपवल्याचा अजून आहे, परवा पण काढला विषय.

दूधगंगाकाठ

अक्का बरोबर बोललात. आमचं रान निपाणीकडं, 2019 च्या ऑगस्टात पुरानं ऊस आठ-दहा दिवस पाण्यात होता, कोंबात पाणी शिरलं की ऊस कुजतो, वरनं हिरवा दिसतो पण चिरला की आंबट वास. त्या वेळी मला पण सगळे म्हणत होते धीर धर. धीर काय धरायचा, मी गाळ काढत होतो. आमच्या शेजाऱ्याचं मळीचं (नदीकाठचं) रान पण आहे आणि वर माळावर दोन एकर पण, माळावर ऊस येत नाही धड, सोयाबीन काढतो. पुराच्या रात्री तो झोपला होता, आम्ही जागे. त्याच्या मनाचं मी तरी काय कौतुक करणार नाही, माळाचं करतो. आता मी पण मळी थोडी कमी करून वर रान घेतलंय.

ऑप्शन्स म्हणजे नदीच्या पात्रात पेरणं आहे राव.

टिळकवाडी_टॅक्स

दोन कामाच्या गोष्टी, भावना बाकीच्यांनी बघितल्या.

एक, 14 टक्क्याचं लोन फेडणं म्हणजे 14 टक्के खात्रीचा परतावा, असा कुठला फंड देत नाही. पावणेतीनमधले आधी दीड काढून लोन मिटव, प्रीक्लोजरचा (मुदतीआधी फेडायचा) चार्ज बघून घे. "तोट्यात विकू कसं" हा विचार येईलच, पण आज तुझ्याकडं कॅश असती तर लोन ठेवून हे शेअर घेतले असतेस का?

दोन, एफ अँड ओचा तोटा आयकरात धंद्याचा तोटा धरतात. मार्चपर्यंतचा तोटा ह्या वर्षीच्या रिटर्नमध्ये दाखव, आयटीआर-3 फॉर्म लागतो, पगारातनं वजा होत नाही पण मुदतीत भरलास तर 8 वर्षं पुढं नेता येतो. लोक लाजेनं दाखवतच नाहीत, आणि मग नोटीस आली की पळापळ.

खानापूर_सिस्टर

रात्री 3 ला जाग हे किती दिवसांपासून? दोन-तीन आठवड्यांच्या वर झालं असेल तर डॉक्टरना दाखवा, हे मनाच्या ताकदीचं काम नाही. मनाच्या त्रासासाठी सरकारचा टेली-मानस नंबर आहे, 14416, फुकट, मराठीतनं पण बोलतात. रात्री पण लागतो. अमेरिकेचं मार्केट बघण्यापेक्षा तो लावा.

उद्यमबाग_व्हर्नियर

सगळ्यांना थँक्स, आठ दिवस उत्तर दिलं नाही कारण घरात वातावरण तापलं होतं. अक्का, सांगितलं तिला. दोन दिवस नाही, पाच दिवस बोलली नाही. सहाव्या दिवशी पोरगीची जुनी वही घेऊन बसली आणि म्हणाली सगळं लिही, एक रुपया सोडायचा नाही. लिहिताना कळलं की ऑप्शन्सचा आकडा 2 लाख 80 नाही, ब्रोकरेज धरून 3 लाख 6 हजार आहे, मी स्वतःलाच कमी सांगत होतो.

फंड विकून लोन मिटवलं. ॲप काढलं, पासवर्ड तिनं बदलला आणि मला सांगितला नाही. फाउंड्रीवाले काका, सहा महिन्यांचं जमवायला मला दोन वर्षं लागतील बहुतेक, महिना 8 हजारनं सुरू करालोय आरडी. झोप अजून अर्धी-अर्धी आहे, काल 4 ला जाग आली, पण मोबाईल आईच्या खोलीत चार्जिंगला होता, उठून आणायचा कंटाळा आला.

140 नगांचं रीवर्क झालं, बोअरला आतनं स्लीव्ह (नळी) बसवून 112 वाचले, 28 स्क्रॅप.

टॅक्सवाले दादा, एक विचारायचं होतं, आयटीआर-3 ला ब्रोकरकडनं नेमका कुठला रिपोर्ट काढायचा? लॉगिन करायचं म्हणजे तिच्याकडनं पासवर्ड मागायला लागणार, त्यामुळं एकदाच काय ते सांगा.