अनुभव धागा: तरुणपणी सापडलेला आपल्या आसपासचा पंक बँड

आसपासच्या पंक (वेगवान, खरखरीत रॉक) बँडचं बहुतेक संगीत कुठेच नोंदलं जात नाही. वीस मिनिटांचा शो, पाच-सहा गाण्यांची डेमो कॅसेट, झेरॉक्स केलेला फ्लायर, आणि वर्षा-दोन वर्षांत बँड मोडतो. उरतं ते फक्त ज्यांना तो बँड कोवळ्या वयात सापडला त्यांच्याकडे. म्हणून इथे आठवणींपेक्षा कामाचं लिहा: असा बँड शोधायचा कसा, नीट ऐकायचा कसा, आणि हाती आलेलं टिकवायचं कसं.

शो भरवणारा

सुरुवात बँडपासून नको, जागेपासून करा. वय कमी असलं की पहिली अडचण दारातच येते, कारण दारू विकणाऱ्या जागी अल्पवयीनांना सोडत नाहीत. सर्व वयांना खुल्या जागा पंकमध्ये एवढ्या महत्त्वाच्या ठरल्या त्या याच कारणाने. अमेरिकेत बर्कलीतलं ९२४ गिलमन हे ठिकाण ३१ डिसेंबर १९८६ला सुरू झालं ते याच तत्त्वावर: सभासदकार्ड घ्यायचं, आत दारू नाही, काम स्वयंसेवकांचं. अशा जागेच्या फ्लायरवर ठळक नाव पाहुण्या बँडचं असतं. स्थानिक बँड सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, आणि वाजवतोही सगळ्यात आधी. दार उघडतानाच पोचा. उशिरा येणारे नेमके त्यालाच मुकतात.

डेमो घेतलीत तर डबीतल्या कागदावरची आभारांची यादी वाचा. त्यात ज्या बँडांची नावं असतात ते एकमेकांचे अँप वापरतात, एकाच खोलीत सराव करतात. पुढचा आवडता बँड बहुधा त्याच यादीत सापडतो.

ध्वनियंत्रणा सांभाळणारी

‘गायकाचे शब्दच कळत नाहीत’ ही तक्रार बऱ्याचदा उभं राहण्याच्या जागेमुळे असते. छोट्या खोलीत पीएमधून (प्रेक्षकांसाठीच्या मोठ्या स्पीकरांमधून) बहुधा फक्त गायन येतं. ड्रम आणि गिटार थेट कानावर येतात, त्यांना मिक्सरवरून कमी करता येत नाही. अगदी पुढे, दोन स्पीकरांच्या मधोमध उभं राहिलं की गायन डोक्याच्या बाजूने निघून जातं. गिटारच्या कॅबिनेटचा तीव्र आवाजही सरळ रेषेत फेकला जातो. त्या रेषेत सापडलात तर बाकी काही ऐकू येणार नाही. खोलीच्या मध्यापासून थोडं मागे, मिक्सरच्या जवळ उभे राहा.

शिट्टी घुमते तेव्हा माझ्याकडे रोखून पाहण्याआधी गायकाचा हात पाहा. माइकची जाळी मुठीत धरली की त्याची मागच्या बाजूचा आवाज टाळण्याची क्षमता जाते, आणि पायाजवळच्या मॉनिटरचा (गायकाला स्वतःचं ऐकवणाऱ्या स्पीकरचा) आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो.

ड्रमर

कानात बोळे घालाच. ८५ डेसिबलला आठ तास ही सर्वसाधारण मर्यादा. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं. बंद खोलीत तेवढा आवाज सहज होतो. फोमचा बोळा बारीक वळायचा, दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर-मागे ओढायचा, बोळा आत सारायचा आणि अर्धा मिनिट बोटाने दाबून धरायचा. अर्धवट बसला तर खालचे सूर गळून आत येतात, सगळं घोगरं वाटतं, आणि लोक वैतागून तो काढून टाकतात.

कॅसेट डिजिटल करणारा

जुनी डेमो सापडली की लगेच वाजवू नका. आधी मागच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. मग पुढच्या फटीत मधोमध नमद्याची छोटी गादी आहे का पाहा. ती टेपला हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, दाबून ठेवते. गळून पडली असेल तर आवाज दबका आणि तुटक येतो. अशी टेप पाच स्क्रूंच्या नव्या खोक्यात हलवा. हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. टेप एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा.

सगळ्यात जास्त नुकसान ॲझिमथमुळे, म्हणजे टेपशी असलेल्या हेडच्या कोनामुळे, होतं. डेमोच्या प्रती निरनिराळ्या डेकवर काढलेल्या असतात, त्यामुळे हेडचा कोन जुळत नाही आणि झांजांची धार जाते. आवाज मोनो करा आणि हेडजवळचा छोटा स्क्रू केसाइतका फिरवत वरचे सूर सर्वाधिक स्वच्छ येतात तिथे थांबा. डॉल्बीची (टेपचा गोंगाट कमी करणाऱ्या पद्धतीची) खूण कागदावर नसेल तर डॉल्बी बंद ठेवा. २४ बिट, ४८ किंवा ९६ किलोहर्ट्झ, शिखर उणे ६ डेसिबलच्या आसपास. कच्ची फाइल तशीच जपा, गोंगाट काढायचा तो दुसऱ्या प्रतीवर.

टेप संथ, जड आवाजात वाजली आणि दुसऱ्या बाजूला गाणं उलटं ऐकू आलं तर आनंद माना! ती चार ट्रॅकची, म्हणजे चार वेगळ्या पट्ट्यांवर नोंदवलेली, मूळ टेप असू शकते. टीॲकच्या १९७९च्या पोर्टास्टुडिओपासून अशी यंत्रं सराव-खोल्यांत शिरली. ती चारही ट्रॅक एकाच दिशेने, कित्येकदा दुप्पट वेगाने, नोंदवतात. साध्या डेकवर दोन्ही बाजू घेऊन, एक उलटवून, वेग दुप्पट करून संगणकात जुळवता येतं, पण दोन फेऱ्यांचा वेग तंतोतंत सारखा नसल्याने गाणं हळूहळू सरकतं. तसलंच यंत्र मिळवणं बरं.

फ्लायर आणि झीन (चाहत्यांनी काढलेली छोटी मासिकं) जमवणारी

फ्लायरवर तारीख आणि वार असतो, साल नसतं. तारीख-वाराची तीच जोडी ५, ६ किंवा ११ वर्षांनी परत येते, त्यामुळे बँड दोन-तीन वर्षंच टिकला असेल तर साल नक्की करता येतं. पीव्हीसीच्या पारदर्शक पिशवीत मात्र झेरॉक्स कधी ठेवू नका; शाई प्लास्टिकला चिकटते आणि अक्षरं सोलून निघतात. पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन घ्या. गंजलेल्या पिना काढा. स्कॅन ६०० डीपीआयला, करड्या छटांत.

रेकॉर्ड गोळा करणारा

कव्हर वेडंवाकडं कापलेलं दिसलं म्हणून नक्कल समजू नका. वॉशिंग्टन डीसीचा टीन आयडल्स हा बँड १९८०मध्ये मोडला, तेव्हा साठलेल्या पैशांतून त्यांनी सात इंची तबकडी काढली. डिसकॉर्ड लेबलची सुरुवात तीच, आणि कव्हरं हातानेच कापून, दुमडून, चिकटवलेली. ओळख पटवायची ती कव्हरवरून नाही, तर लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यात कोरलेल्या अक्षरांवरून. दिवा तिरपा धरा, म्हणजे ती वाचता येतात.

बझकॉक्स या इंग्लिश बँडच्या जानेवारी १९७७च्या पहिल्या तबकडीच्या कव्हरवर कुठल्या गाण्याचा कितवा टेक (रेकॉर्डिंगचा प्रयत्न) घेतला हेही छापलं होतं. आपल्या डेमोची नोंद करताना तेवढा तपशील ठेवा: कोण काय वाजवतंय, कोणत्या यंत्रावर नोंदवलं, ही कितवी प्रत. आणि कुठेही चढवण्याआधी बँडमधल्या प्रत्येकाला विचारा, गाणी त्यांची आहेत.