बॉक्सर लोकांना आवडतो तो हातामुळे की स्वभावामुळे?

कोपऱ्यातला: माझं मत स्वभावाच्या बाजूने. जॉर्ज फोरमन बघा. १९७३ मध्ये त्याने जो फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं. पुढच्या वर्षी काँगोची राजधानी किन्शासात मुहम्मद अलीसमोर उतरला तेव्हा तो अपराजित होता, तरी अख्खं शहर अलीच्या बाजूने! फोरमन तुसडा, कोणाशी धड बोलायचा नाही. त्यात सोबत अल्सेशियन कुत्रा आणलेला, आणि तिथल्या जुन्या बेल्जियन राजवटीतल्या पोलिसांकडे असेच कुत्रे असायचे. तोच माणूस दहा वर्षं धर्मोपदेश करून १९८७ मध्ये परतला. टक्कल, सुटलेलं पोट, स्वतःच्या खादाडीवर हसणारा. हात मंदावले होते, पण लोकांनी डोक्यावर घेतलं.

आधी_जॅब: अजिबात पटलं नाही. नुसतं हसू बघायला कोण तिकीट काढतं? ५ नोव्हेंबर १९९४ ची लढत पुन्हा बघा. समोर २६ वर्षांचा जगज्जेता मायकल मूरर, फोरमन ४५ चा, अंगावर किन्शासातलीच लाल ट्रंक्स. नऊ फेऱ्या मार खाल्ला, तिन्ही पंचांकडे गुणांत मागे. दहाव्या फेरीत उजव्या हाताचा एक आखूड, सरळ ठोसा हनुवटीवर बसला आणि मूरर उठलाच नाही. मूररला त्या जागी आणायला नऊ फेऱ्या घालवल्या त्याने. हेच कौशल्य. तो ठोसा नसता तर फोरमन ‘गोड म्हातारा’ म्हणून विसरला गेला असता.

कोपऱ्यातला: पण १९९१ मध्ये तेव्हाचा जगज्जेता होलिफिल्डकडून गुणांवर हरला, तरी लोक त्याच्यावर जास्तच जीव टाकायला लागले. ते कशामुळे?

आधी_जॅब: ४२ व्या वर्षी बारा फेऱ्या उभा राहिला म्हणून.

डावखुरा_पवित्रा: नुसतं कौशल्य पुरत असतं तर क्युबाच्या रिगोंदोला लोकांनी खांद्यावर नाचवलं असतं. दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं, २००० आणि २००४. एप्रिल २०१३ मध्ये त्याने डोनेअरला हरवलं. मागचा पाय अर्धं पाऊल सरकायचा, डोनेअरचा हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) हवेत, आणि लगेच रिगोंदोचा डावा ठोसा तोंडावर. मला तर डोळ्यांचं पारणं फिटल्यासारखं झालं. लोक मात्र ‘कंटाळवाणा’ म्हणून मोकळे झाले. फार वाईट वाटतं. ठोसा मारणं सगळ्यांना दिसतं, चुकवणं बघायला नजर तयार व्हावी लागते.

आठवा_आकडा: जपानचा बॉक्सर इनोउए बडबड्या नाही, कुणाला डिवचत नाही, तरी त्याने टोकियो डोम भरवलं. मे २०२४. पहिल्याच फेरीत प्रतिस्पर्धी नेरीच्या डाव्या हुकने तो कारकिर्दीत पहिल्यांदा खाली गेला. घाईने उठला नाही. खाली पडल्यावर रेफरी दहापर्यंत मोजतो, त्यातले आठ आकडे एका गुडघ्यावर बसून पूर्ण ऐकले, मग उठला आणि सहाव्या फेरीत नेरीला संपवलं. मी त्याचा चाहता झालो तो त्या आठ आकड्यांत. कोपऱ्यातले, तुम्हीच सांगा, ते गुडघ्यावर थांबणं तुम्ही कौशल्यात धराल की स्वभावात?