माइक टेरीची इभ्रत आणि सोंड्राची उधारी (‘रेडबेल्ट’, २००८)

रविवारची_मॅटिनी:
डेव्हिड मॅमेटचा ‘रेडबेल्ट’ परवा चौथ्यांदा पाहिला आणि पहिल्यांदाच नायकाचा राग आला, म्हणून हा धागा. शेवटासकट सगळं लिहिणार आहे. पाहायचा असेल तर इथूनच मागे फिरा.

न पाहिलेल्या पण तरीही वाचणाऱ्यांसाठी: माइक टेरी (चिवेटेल एजिओफोर) लॉस एंजेलिसमध्ये जिउ-जित्सू, म्हणजे पकडींवर आधारलेली झुंजकला, शिकवतो. तालीम तोट्यात आहे, पण पैशासाठी झुंजायचं नाही हा त्याचा बाणा. पैशाच्या झुंजीने लढणारा कमकुवत होतो, असं त्याचं म्हणणं. एका रात्री लॉरा नावाची भेदरलेली वकील तालमीत येते. तिथे शिकत असलेला, ‘जो’ नावाचा एक पोलीस तिचा कोट घ्यायला पुढे होतो, ती दचकून त्याचंच पिस्तूल उचलते, गोळी सुटते आणि दर्शनी काच खाली येते. तिच्यावर खुनाच्या प्रयत्नाचा खटला नको म्हणून माइक आणि जो गप्प राहायचं ठरवतात. पुढे बारमधल्या हाणामारीतून माइक एका सिनेनटाला वाचवतो, बक्षीस म्हणून महागडं घड्याळ मिळतं, सिनेमात काम मिळेलसं दिसतं. मग एकेक धागा उसवत जातो. घड्याळ चोरीचं निघतं, ते गहाण टाकणारा जो निलंबित होतो आणि पुढे आत्महत्या करतो. माइकची शिकवायची पद्धत एक प्रमोटर टीव्हीवर स्वतःच्या नावाने विकू लागतो.

माझा मुद्दा सोंड्राचा, म्हणजे माइकच्या बायकोचा. तालीम तिच्या कपड्यांच्या धंद्यावर चालते. नटाच्या बायकोने तोंडी दिलेल्या मोठ्या ऑर्डरसाठी ती ३०,००० डॉलर सावकाराकडून उचलते, आणि नंतर त्या बाईचा फोनच बंद. गोळीचं गुपित सोंड्राकडून बाहेर जातं म्हणून सगळे तिला फितूर म्हणतात. पण ते घड्याळ माइकने बायकोला न विचारता जोला देऊन टाकलं होतं. दानशूर हा, आणि काचेचे पैसे भरायला ती.

अजून एक. या सत्यवचनी माणसाचं सिनेमातलं पहिलं काम काय? विमा कंपनीला सांगणं, की काच वाऱ्याने फुटली. धर्मराजाचा रथ चार बोटं वर चालायचा म्हणे, तो ‘नरो वा कुंजरो वा’नंतर खाली आला. याचा पहिल्या पंधरा मिनिटांतच जमिनीला लागलाय.

तांबडी_माती:
साफ असहमत. आमच्या कोल्हापुरात याला एक शब्द आहे, नुरा. आधीच ठरवून मारलेली कुस्ती. लोक तिकीट काढून येतात, हलगी वाजते, दोघं पंधरा मिनिटं एकमेकांची मान धरून फिरतात आणि शेवटी बरोबरीत सुटतात. बिदागी दोघांच्याही खिशात. नुरा करणारा पैलवान पडत नाही, पण त्या दिवसानंतर त्याच्या वस्तादाला कुणी पुढच्या रांगेत बसवत नाही.

‘रेडबेल्ट’ हा नुराचाच सिनेमा आहे. माइकच्या तालमीतला सराव आठवा. तीन गोट्या, दोन पांढऱ्या, एक काळी. ज्याला काळी येईल त्याने अडचणीत लढायचं, म्हणजे हात बांधून वगैरे. बाहेर रस्त्यावर कुणी तुमच्या मापाची जोड बघून अंगावर येत नाही, एवढा साधा धडा. प्रमोटर तोच खेळ रिंगणात नेतो आणि गोटी काढायला जादूगार ठेवतो. शिकवणीतली प्रामाणिक गोटी तिथे हातचलाखी होते. (प्रमोटरच्या भूमिकेत रिकी जे आहे, जो स्वतः पत्त्यांच्या जादूतला दादा माणूस होता. हे मॅमेटने मुद्दाम केलं असणार.)

आता मला सांगा, हे कळल्यावर माइकने काय करायचं होतं? बायकोची उधारी आहे म्हणून गपगुमान नुरा खेळायची?

रविवारची_मॅटिनी:
नाही हो. मी एवढंच म्हणतोय की उधारी त्याचीही आहे हे त्याला आधी कळायला हवं होतं.

गार्ड_पास:
सहा वर्षं जिउ-जित्सू करतोय, त्यामुळे आधी तांत्रिक तक्रार. शेवटी ‘प्रोफेसर’ म्हणवला जाणारा म्हातारा गुरू माइकला लाल पट्टा बांधतो. हा पट्टा म्हणजे नववी आणि दहावी पायरी. दहावी फक्त मूळ संस्थापकांची. नववीसाठी आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमाने ब्लॅक बेल्टनंतर ४८ वर्षं लागतात. माइक तेव्हा किती वर्षांचा होता, शाळेत जायच्या आधीच ब्लॅक बेल्ट झाला होता का? आमच्या वर्गात हा प्रसंग लावला की सगळे हसतात.

बाकी माणसं मात्र खरी आहेत, हे मान्य. प्रोफेसर म्हणजे डॅन इनोसँटो, ब्रूस लीचा शिष्य. माइकचा झुंजार मेहुणा रिकार्डो झालेला जॉन मचाडो खराखुरा जिउ-जित्सूवाला. रिकार्डोचा जपानी प्रतिस्पर्धी मोरिसाकी झालेला एन्सन इनोउए रिंगणात लढलेला. त्यामुळे पकडी दिखाऊ नाहीत. माइक आणि रिकार्डोची शेवटची झटापट रिंगणात होत नाही, रिंगणाकडे जायच्या वाटेवर होते. अरुंद जागा, भिंत पाठीला. तिथे माइक जे करतो ते वर्गात रोज शिकवतात, आणि कॅमेरा उगाच नाचत नाही.

आता त्याच्या तत्त्वज्ञानाबद्दल. पैशाची झुंज लढणाऱ्याला कमकुवत करते? जिउ-जित्सू उभी राहिली तीच तिकीट लावून झालेल्या झुंजींवर. १९५१ साली रिओच्या माराकाना स्टेडियमवर ब्राझीलच्या जिउ-जित्सूच्या संस्थापकांपैकी एक, एलियो ग्रेसी, जपानचा जूडोपटू मासाहिको किमुराशी लढला. किमुरा वजनाने कितीतरी जास्त. त्याने हात पिरगाळला, हाड मोडलं, तरी एलियोने हार मानली नाही. शेवटी त्याच्या बाजूच्यांनी सामना थांबवला. त्या पकडीला आजही ‘किमुरा’ म्हणतात, म्हणजे हरलेल्यांनी जिंकणाऱ्याचं नाव जपलं. हा मान तिकीटबारीवरच मिळाला होता ना?

तांबडी_माती:
मग त्याच किमुराचं पुढचं पण सांगा की. अर्धीच गोष्ट का?

गार्ड_पास:
सांगतो, ती तुमच्या बाजूची आहे. १९५४ च्या डिसेंबरात टोकियोत किमुरा रिकीदोझानबरोबर व्यावसायिक कुस्तीत उतरला. किमुराच्या सांगण्यानुसार सामना बरोबरीत सोडवायचा हे ठरलेलं होतं. म्हणजे तुमच्या भाषेत नुरा. मध्येच रिकीदोझानने खरंखुरं मारायला सुरुवात केली आणि किमुरा आडवा झाला. माराकानावर हाड मोडणारा माणूस ठरवून खेळायला गेला आणि फसला. माझं म्हणणं तरी तेच, दोष स्पर्धेत नाही, ठरवण्यात आहे. माइक दोन्ही एकाच पोत्यात भरतो.

मनवा_पुणे:
तुम्ही तिघेही पुरुषांच्याच झुंजीत अडकलात. लॉराबद्दल एक ओळ नाही. ती बलात्कारातून वाचलेली बाई आहे, म्हणून दचकते, म्हणून गोळी सुटते. माइक तिला गळ्याशी सुरी असताना सुटायचं कसं ते शिकवतो. मान कुठे वळवायची, हात कुठून घालायचा. सुटका आहे, तुला ती माहीत आहे, एवढंच तो परत परत सांगत राहतो. माझ्यासाठी सिनेमा त्या पाच मिनिटांत आहे. आणि शेवटी माइक सगळं सोडून निघतो, तेव्हा त्याला थोबाडीत मारून परत पाठवते ती लॉराच. प्रोफेसर नाही, मोरिसाकी नाही.

विम्याच्या खोटेपणावर इतकं का अडलात? काच वाऱ्याने फुटली असं म्हटल्यामुळे एका बाईचं आयुष्य वाचलं. ‘नरो वा कुंजरो वा’ने द्रोणाचार्य मेले. दोन्ही एका तराजूत कसे टाकता?

सोंड्राबद्दल मात्र मॅटिनींशी सहमत. मॅमेटला तिच्यासाठी एक धड प्रसंग लिहिता आला असता. ती कागदावर हिशोब मांडते आणि मग फितूर होते, मधलं काहीच दिसत नाही.

हुकमी_एक्का:
तिकीटबारीवर आपटलेला सिनेमा. एवढी चर्चा का?

तांबडी_माती:
एक्का, खासबागेत पण रिकाम्या पायऱ्यांवर चांगल्या कुस्त्या झाल्यात.

मनवाताईंचं पटलं. फक्त उधारीवर एक सांगतो. पैलवानाला खुराक लागतो. दूध, बदाम, तूप. इभ्रतीने पोट भरत नाही हे तालमीत वाढलेल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. शाहू महाराजांनी १९१२ ला खासबाग मैदान बांधलं, पैलवानांना आश्रय दिला, म्हणून कित्येकांना निकाली कुस्ती परवडली. माइकच्या पाठीशी असा राजा नाही, बायको आहे. इथं मॅटिनींचा मुद्दा मला टोचला, लपवत नाही.

रविवारची_मॅटिनी:
विम्याच्या बाबतीत मनवांचं मान्य. वाक्य मागे घेत नाही, धार कमी करतो.

पण हिशोब करू या. माइक ५०,००० डॉलरसाठी झुंजीत नाव देतो, जोच्या विधवेला मदत करता यावी म्हणून. मग जादूगाराची चलाखी कळते आणि तो झुंज सोडतो, म्हणजे ती रक्कम गेली. पुढे मेहुण्याला लोळवतो, मोरिसाकी त्याला स्वतःचा हस्तिदंती जडावाचा पट्टा देतो, प्रोफेसर लाल पट्टा देतो, सिनेमा संपतो. काच तशीच आहे. सावकार तसाच आहे. जोच्या बायकोच्या हातात काय पडलं?

गार्ड_पास:
हस्तिदंती पट्ट्याला सिनेमात जपानचा राष्ट्रीय ठेवा म्हणतात. विकला तर सगळं फिटेल.

मनवा_पुणे:
विकणारा वाटतो का तो? घड्याळासारखा तोही कुणाला तरी देऊन टाकेल आणि घरी जाऊन सोंड्राला सांगेल.